सीन दोघांचा, नाव मात्र तिचं

एक प्रश्न विचारतो. खरं उत्तर द्या, तुमच्या मोबाइलमध्ये कुणी डोकावत नाहीये. 'ॲनिमल'मधला न्यूड सीन म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर आधी कोण येतं?

मी हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर सात जणांना विचारला. चार मुलं, तीन मुली. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, तृप्ती डिमरी. आता जरा आठवून बघा. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्या सिनेमात एक माणूस अंगावर एकही कपडा न ठेवता घराबाहेर पडतो आणि हिरवळीवरून निवांत चालत जातो. शॉट धूसर केलाय, पण तो नागडा आहे हे कळावं म्हणूनच तो शॉट घेतलाय. तो माणूस म्हणजे सिनेमाचा हिरो, रणबीर कपूर. मी ही आठवण करून दिल्यावर कट्ट्यावरचा एक जण म्हणाला, "अरे हो की! ते विसरलोच." त्यानं हा सिनेमा थिएटरात दोनदा पाहिलाय.

विसरला, कारण ते लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. थिएटरात हशा पिकला आणि विषय संपला. तृप्तीच्या सीनचं मात्र मिनिट आणि सेकंदसुद्धा पोरांना पाठ होतं. तिला 'भाभी २' हे नाव चिकटलं. रणबीरला त्या चालण्यावरून काहीच चिकटलं नाही. त्यानं केली ती 'भूमिका', तिनं केलं ते 'बोल्ड'.

या 'बोल्ड' शब्दाबद्दल एक कबुली आधीच देऊन टाकतो, कारण मी ज्या धंद्यात शिरायला निघालोय तिथलाच हा माल आहे. 'बोल्ड अभिनेत्री' हे शब्द तुम्ही शेकडो वेळा वाचले असतील. 'बोल्ड अभिनेता' कधी वाचलंय? मी तरी नाही वाचलं. शर्ट काढलेला हिरो 'फिट' असतो, 'पिळदार' असतो, फार तर 'हॉट' असतो. १९९८ मध्ये सलमान खाननं 'प्यार किया तो डरना क्या'मधल्या गाण्यात उघड्या अंगानं गिटार वाजवली आणि गावोगावच्या जिममध्ये ॲडमिशनची रांग लागली असं आमचे काका लोक अजून सांगतात. त्याच्या चारित्र्याची चर्चा निदान त्या गाण्यावरून तरी झाली नाही.

आता गोष्ट आठवीतली. २०१६ साल. 'पार्च्ड' नावाचा सिनेमा आपल्याकडे थिएटरात लागायच्या आधीच त्यातला एक सीन लीक झाला आणि ट्यूशनच्या मागच्या बाकावर येऊन पोचला. एका मित्राच्या मोठ्या भावाचा फोन, त्याभोवती आम्ही पाच डोकी. फाइलच्या नावातच राधिका आपटे होतं. मीही पाहिली ती क्लिप, उगाच साळसूदपणा कशाला करू? नंतर कित्येक वर्षं माझ्यासाठी राधिका आपटे म्हणजे 'ती क्लिपवाली' होती. ती पुण्याची आहे, नाटकातून आलेली आहे, हे सगळं मागाहून कळलं.

आणि त्या क्लिपमध्ये दुसरा माणूस होता! त्याचं नाव आदिल हुसैन. हे मला कळलं मास कॉमला आल्यावर, तेसुद्धा दुसऱ्याच एका सिनेमाच्या निमित्तानं. म्हणजे दोन माणसं एका फ्रेममध्ये होती, आम्ही पाच जणांनी ती फ्रेम डोळे फाडून पाहिली आणि त्यातला एक माणूस आम्हाला दिसलाच नाही.

मागच्या वर्षी मी 'पार्च्ड' अख्खा पाहिला. लीना यादव यांचा सिनेमा आहे. राधिकाची लज्जो ही मूल होत नाही म्हणून नवऱ्याचा रोज मार खाणारी खेड्यातली बाई आहे. तो सीन येतो तेव्हा तिच्या अंगाला मारायला नाही तर मायेनं हात लावणारा पुरुष तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला असतो. तो आधी तिच्या पायाशी वाकतो. तिचा चेहरा बघवत नाही. आमच्या क्लिपमध्ये यातलं काहीच नव्हतं. मागचा मार कापलेला, पुढचं रडू कापलेलं, शिल्लक फक्त अंग. आणि त्यावर नाव एकीचं.

दोन-तीन वर्षांनी तेच पुन्हा झालं. 'द वेडिंग गेस्ट' या इंग्रजी सिनेमातला राधिका आणि देव पटेल यांचा सीन फुटला. क्लिप पुन्हा तिच्याच नावानं फिरली. तेव्हा तिनं एका मुलाखतीत सरळ विचारलं की सीनमध्ये पुरुषही आहे, मग ती त्याच्या नावानं का पसरवत नाही? मला या प्रश्नाचं उत्तर आजही देता येत नाही. 'कारण बघणारे आम्ही पोरं होतो' हे अर्धं उत्तर झालं. कारण कट्ट्यावरच्या तिन्ही मुलींनीही तृप्तीचंच नाव घेतलं होतं.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि आमच्या वर्गात म्हणालेच, की पुरुषांवरही केसेस होतात. रणवीर सिंगवर झाली, मिलिंद सोमणवर झाली. बरोबर आहे. त्यामुळे त्या केसेस नीट बघू.

नोव्हेंबर २०२०, गोवा. एकाच आठवड्यात दोन प्रकार घडले. ४ नोव्हेंबरला मिलिंद सोमण यांनी पंचावन्नाव्या वाढदिवसाला समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्याच दिवसांत काणकोणजवळच्या चापोली धरणावर पूनम पांडेनं केलेल्या शूटचा व्हिडिओ बाहेर आला. पूनमला पोलिसांनी अटक केली, मग जामीन मिळाला, स्थानिक पोलीस निरीक्षकाला निलंबित केलं गेलं. मिलिंद यांच्यावर तक्रारीनंतर गुन्हा नोंदवला गेला. अटक झाली नाही.

दोन्ही प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत, हे मान्य करायलाच हवं. धरण ही सरकारी जागा आहे, तिथे शूटिंग झालंच कसं हा वेगळा मुद्दा होता. वकील असतो तर त्यावर अर्धा तास बोललो असतो. पण मला पोलिसांपेक्षा कॉमेंट बॉक्सचं पडलंय. मिलिंद यांच्या फोटोखाली बहुतेकांनी काय लिहिलं? या वयात काय फिटनेस! पूनमबद्दल काय लिहिलं गेलं ते मला इथे छापता येणार नाही. दोघंही उघड्यावर, दोघंही गोव्यात, दोघांनाही कॅमेरा आहे हे माहीत होतं. एकाचं शरीर ही त्याची कमाई ठरली, दुसरीचं शरीर हा तिचा गुन्हा ठरला. अशी तुलना तेव्हाही बऱ्याच जणांनी केली होती, मी काही नवीन शोध लावत नाहीये. फक्त ती तुलना दोन दिवसांत विरून गेली.

मिलिंद सोमण यांचं त्याआधीचं प्रकरण तर आपल्या जन्माआधीचं आहे. १९९५ मध्ये टफ्स या बुटांच्या जाहिरातीत ते आणि मधू सप्रे दोघंही विवस्त्र होते. पायात बूट आणि अंगाभोवती एक अजगर, बस्स. दोघांवर खटला भरला गेला, चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. इथे कायद्यानं भेद केला नाही, दोघांनाही सारखंच झुलवलं.

रणवीरची केस २०२२ ची. एका परदेशी मासिकासाठी त्यानं न्यूड फोटोशूट केलं आणि मुंबईत चेंबूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तक्रार काय होती माहितेय? स्त्रियांच्या भावना दुखावल्या! म्हणजे पुरुष नागडा झाला तरी प्रश्न बाईच्या लाजेचाच. पुरुषाला स्वतःची लाज असते, हे कायद्याच्या भाषेत कुणाला सुचतही नाही. बाहेर काय झालं? मीम्स. इंदूरमध्ये तर त्याला पाठवायला म्हणून लोकांनी कपडे गोळा करायचा डबा ठेवला. मी पण हसलो होतो. पण असा डबा कुठल्या नटीसाठी ठेवला गेला असता तर त्यात कपड्यांऐवजी काय पडलं असतं, याचा विचार करून बघा.

'पीके'च्या पोस्टरचंही तसंच. २०१४ मध्ये रेल्वे रुळांवर उभा असलेला आमिर खान, पुढे फक्त एक रेडिओ. कोर्टकचेरी झाली, बंदीची मागणी सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथे फेटाळली गेली. सिनेमा यूए सर्टिफिकेट घेऊन आला. मी आई-बाबा आणि आजीबरोबर बघितला. आजी पदर तोंडाला लावून हसत होती. त्या पोस्टरवर रेडिओमागे हिरॉइन उभी असती तर आजी आली असती का? आजी जाऊ दे, तो सिनेमा कुटुंबासाठी आहे असं कुणी म्हटलं असतं का?

पुरुषाच्या नग्नतेला आपल्याकडे दोनच खाती आहेत, एक कौतुकाचं आणि एक विनोदाचं. दोन्ही खात्यांतून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो. बाईच्या नग्नतेला एकच खातं आहे आणि त्यातली उधारी फिटतच नाही. मंदाकिनी यांचं नाव घ्या. 'राम तेरी गंगा मैली' १९८५ चा, माझे बाबा तेव्हा शाळेत होते. चाळीस वर्षं होत आली. धबधब्याच्या पलीकडे त्या सिनेमात काय होतं हे तुमच्या घरात कुणाला सांगता येतंय का, विचारून बघा. धबधबा लिहिणारे, उभा करणारे आणि त्यावर तिकिटं विकणारे राज कपूर मात्र 'शोमन' म्हणून लक्षात आहेत.

आता थोडं मागे जातो. थर्ड सेमिस्टरला सिनेमाचा इतिहास शिकवताना आमच्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली होती, ती डोक्यातून जात नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९१३. त्यात राणी तारामती आणि तिच्या दासी हौदात आंघोळ करत असल्याचा सीन आहे. भारतीय सिनेमातल्या त्या पहिल्यावहिल्या ओल्या साड्या. पण सिनेमात काम करायला बाई मिळेना, त्यामुळे तारामती झाले होते अण्णा साळुंके आणि दासीही पुरुषच. म्हणजे भिजलेल्या बाईचा सीन बाई यायच्या आधीच सिनेमात आला होता. नजर आधी तयार होती, अंग मागाहून आलं.

१९३८ मध्ये आला मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी', लेखन आचार्य अत्र्यांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. नुसता स्विमसूट होता हो! आज कुठल्याही रिसॉर्टच्या रीलमध्ये याहून कमी कपडे असतात. पण आजही त्या सिनेमावर कुणी लिहायला बसलं की पहिल्या दोन वाक्यांत तो पोशाख येतोच. आलाच, बघा, माझ्याही दुसऱ्या वाक्यात आला.

कायदा याबद्दल काय म्हणतो ते बघायला गेलो तर गंमतच सापडली. आपल्याकडे १९८६ चा एक कायदा आहे, जाहिराती आणि छापील मजकुरात स्त्रियांचं असभ्य चित्रण करायला बंदी करणारा. सेन्सॉर होणारे सिनेमे त्यातून वगळलेत, कारण त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. हेतू चांगला आहे यात शंका नाही. बाईला वस्तूसारखं मांडू नका, एवढंच त्याला म्हणायचंय. पण त्यात असभ्य होऊ शकणारं शरीर एकच आहे, स्त्रीचं. पुरुषाच्या शरीराबद्दल असा कायदाच नाही. संरक्षण म्हणून आखलेली रेघ आपण वाचतो ती मात्र 'बाईचं शरीर मुळातच धोक्याचं' अशी. कोर्ट त्या मानानं आपल्यापेक्षा पुढे गेलंय. 'बँडिट क्वीन'मध्ये फूलनला नग्न करून गावासमोर चालवतात तो सीन राहू द्यावा असं १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं. तो बघून वासना नाही, कीव आणि घृणा येते, असं त्यांचं म्हणणं. त्या सीनमध्ये बघत उभे असलेले पुरुष अंगभर कपड्यांत आहेत. नागडं कोण झालंय ते ज्यानं त्यानं ठरवावं. २०२३ मध्ये केरळ हायकोर्टानं तर हा दुटप्पीपणा नाव घेऊन मांडला. रेहाना फातिमा यांच्या प्रकरणात कोर्टानं म्हटलं की पुरुष उघड्या अंगानं फिरतात, सणात अंग रंगवून नाचतात, सिक्स पॅक दाखवतात, त्याला कुणी अश्लील म्हणत नाही. तीच मोकळीक बाईला मात्र मिळत नाही.

मराठी सिनेमा या सगळ्यात कुठे आहे? रवी जाधव यांचा 'न्यूड' तुम्ही पाहिला नसेल तर बघाच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. कल्याणी मुळे यमुना झाल्यात आणि तिला या कामाकडे नेणाऱ्या चंद्राक्का म्हणजे छाया कदम. मुलाच्या शिक्षणासाठी यमुना हे काम करते आणि मुलापासूनच लपवते. शेवट सांगत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातल्या इफ्फीसाठी ज्युरीनं हा सिनेमा निवडला होता, माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं तो यादीतून काढला. 'एस दुर्गा' हा मल्याळम सिनेमाही काढला. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर बोर्डानं 'न्यूड'ला एकही कट न देता 'ए' सर्टिफिकेट दिलं आणि एप्रिल २०१८ मध्ये तो लागला. नागडेपणावरचा सिनेमा बघायला गेलेली मंडळी बाहेर येताना मान खाली घालून आली, असं तेव्हा थिएटरात गेलेली माझी मावशी सांगते. कारण त्या सिनेमात कपडे काढणं हे सगळ्यात कमी लाजिरवाणं काम आहे. नवरा, शेजारी, मुलगा, बाकी सगळे कपड्यांत राहून जे करतात ते बघवत नाही.

इथपर्यंत मी मोठ्या लोकांबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल.

मागच्या वर्षी आमच्या ग्रुपनं सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी चौदा मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. भाड्याच्या खोलीत राहणारं जोडपं, पावसाळा, लाइट गेलेले, उद्या घरमालकाला काय सांगायचं याची दोघांना काळजी. त्यात चाळीस सेकंदांचा एक शॉट होता. तो उघड्या अंगानं खिडकीत बसलाय, ती चादर गुंडाळून त्याच्या शेजारी. तिचा एक खांदा उघडा. एवढंच. काम करणारी आमची वर्गमैत्रीण तालुक्याच्या गावातून आलेली, एकांकिकांमधून तयार झालेली, आमच्या बॅचमधली सगळ्यात चांगली नटी. तिनं स्क्रिप्ट वाचलं होतं, शॉटबद्दल दहा प्रश्न विचारले होते, चादर कशी धरायची तेही तिनंच ठरवलं होतं. शूटच्या दिवशी खोलीत कॅमेरावाला, साउंडवाली आणि दिग्दर्शक सोडून कुणी नव्हतं. सगळं व्यवस्थित पार पडलं.

एडिटिंग माझ्याकडे होतं. यूट्यूबवर टाकताना थंबनेलही मीच केला. पहिला थंबनेल होता खिडकीचा, पाऊस आणि दोघांच्या पाठमोऱ्या आकृत्या. चार दिवसांत दोनशे व्ह्यूज. मग मी तो बदलला. तिचा खांदा आणि चेहरा झूम करून घेतला. त्याला क्रॉप केलं. मुद्दाम असं काही मनात नव्हतं, फ्रेममध्ये जागा नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दोन दिवसांत व्ह्यूज नऊ हजारांवर गेले. आम्ही वडापावची पार्टी केली.

कॉमेंट्स आल्या. त्याला, "भावा, जिम कुठली?" तिला काय आल्या ते तुम्हाला कळलंच असेल. तिच्या गावात कुणीतरी थंबनेलचा स्क्रीनशॉट काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. फिल्म नाही, स्क्रीनशॉट. तिच्या मामांनी तिच्या आईला फोन केला. आई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं हॉस्टेलवर आली आणि रेक्टर मॅडमसमोर बसून रडली. त्याच्या घरीही फिल्म पाहिली गेली होती. त्याच्या आईनं त्याला विचारलं, "किती वाळलायस रे, मेसमध्ये नीट जेवतोस ना?"

फिल्म आम्ही त्या रात्री प्रायव्हेट केली. अकरा जणांचं चार महिन्यांचं काम. त्यावरून ग्रुपमध्ये भांडणं झाली. 'हिच्यामुळे' हा शब्दही आला, आणि तो आला तेव्हा मी गप्प बसलो. थंबनेल कुणी केला होता हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी 'याच्यामुळे' म्हटलं नाही.

तिनं मला एकदाच विचारलं, "थंबनेल माझाच का?" मी म्हणालो, "क्लिक येतात." माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तिनं होकार दिला होता तो चौदा मिनिटांच्या गोष्टीतल्या चाळीस सेकंदांना. मी त्यातून एक सेकंद उचलला, गोष्ट फेकून दिली, त्याला फेकून दिलं आणि तिला एकटीला चव्हाट्यावर उभं केलं. ट्यूशनच्या बाकावर आम्ही जी फाइल बघत होतो ती कुणीतरी अशीच कापली असणार. तेव्हा बघणारा मी होतो, या वेळी कापणाराही मीच.

म्हणून मला वाटतं की 'नग्नता योग्य की अयोग्य' हा वाद आपण चुकीच्या जागी घालतोय. माझे काही मित्र म्हणतात, बरोबरी हवी असेल तर हिरोंनाही तेवढंच दाखवा. दाखवा की, कुणी अडवलंय! 'ॲनिमल'मध्ये दाखवलंच होतं, तुम्ही विसरलात. काही मैत्रिणी म्हणतात, बंदच करा सगळं. त्यानंही काही होणार नाही, कारण आमच्या फिल्ममध्ये नग्नता नव्हतीच, एक खांदा होता. १९३८ मध्ये स्विमसूट होता. बाईनं किती कपडे घातलेत यावर हे ठरतच नाही. सीन दोघांचा असला तरी तो कुणाच्या नावावर लागतो, यावर ठरतं. आणि तो तिच्या नावावर लावणारी माणसं म्हणजे लीक करणारा एखादा चोरटा, हेडिंग देणारा एखादा उपसंपादक, थंबनेल करणारा माझ्यासारखा कुणी, आणि 'पाठव ना' म्हणणारे बाकी सगळे.

मुंबईत आता काही मोठ्या सेट्सवर इंटिमसी को-ऑर्डिनेटर असतात. त्यांचं काम नुसतं सेटवर पडदे लावण्याचं नाही. किती दिसणार, सेटवर कोण थांबणार, मोबाइल कुठे जमा होणार, आणि त्या सीनमधली चित्रं प्रसिद्धीसाठी वापरायची की नाही, हे सगळं आधी बोलून, शक्यतो लिहून घेतलं जातं. या शेवटच्या मुद्द्याबद्दल वाचलं तेव्हा मला आमचा थंबनेल आठवला. आपण कॉलेजवाले कॅमेरा भाड्यानं आणतो, लाइट्स उसने आणतो, लोकेशनसाठी कुणाच्या तरी आत्याला पटवतो. असा एक कागद करायला पैसे लागत नाहीत. तुमच्या पुढच्या फिल्मला करा. मुलांसाठीही करा. आमच्या हिरोला त्या कॉमेंट्स आवडल्या असं आम्ही धरून चाललो होतो. परवा तो म्हणाला की त्या शॉटआधी त्यानं दोन दिवस पाणी कमी प्यायलं होतं, पोट आत दिसावं म्हणून. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

ती आता अभिनय करत नाही. साउंड करते, आणि चांगलं करते, पण एकांकिका स्पर्धेच्या ऑडिशनला या वर्षी आली नाही. हा लेख लिहू का, असं तिला विचारायला गेलो तेव्हा ती बूमची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "लिही. माझं नाव नको. कॉलेजचं पण नको." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याचं पण नको टाकूस."

फिल्म पुन्हा टाकूया असं आता ग्रुपमधले बाकीचे म्हणतायत. फाइल माझ्याकडे आहे. तिच्याशिवाय ती टाकायची नाही एवढं आम्ही ठरवलंय. मी तिला सहा स्टिल्स पाठवलीत, खिडकी, पाऊस, रिकामी खोली, दोघांचे चपलांचे जोड वगैरे, आणि थंबनेल तू निवड म्हटलंय. दोन निळ्या टिक दिसतायत, उत्तर अजून आलेलं नाही.